एका बागेचे परीक्षण

संपादकांचे पत्र दरवर्षीप्रमाणे श्रावणातच आले. दिवाळी अंकासाठी एखाद्या कवितासंग्रहाचे परीक्षण लिहून द्यावे, अशी त्यांची इच्छा होती. दोन संग्रह त्यांनी पाठवूनही दिले. ते अजून टेबलावरच आहेत. त्या कवींची मी मनापासून क्षमा मागते. गेल्या मे महिन्यात माझ्या हातून एका वेगळ्याच कृतीचे वाचन घडले, आणि तेव्हापासून ती काही मनातून जाईना. ही कृती म्हणजे पुस्तक नव्हे. कॅलिफोर्नियातल्या अनाहाइम गावची ती डिस्नेलँड नावाची बाग आहे.

बागेचे कसले परीक्षण, असे वाचक म्हणतील. प्रवासवर्णन लिहा म्हणतील. पण जी वस्तू एका माणसाने आधी मनाशी रचली, जिचा आरंभ, मध्य आणि शेवट त्याने ठरवला, पाहणाऱ्याच्या मनात अमुक भाव अमुक वळणावर उठावा म्हणून जी बांधली, ती कलाकृतीच नव्हे काय? आणि कलाकृती म्हटली की तिला टीकेच्या कसोटीला उतरावेच लागते.

हिची जन्मकथा वॉल्ट डिस्ने स्वतः सांगत असे. लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये तो आपल्या दोन मुलींना सुट्टीच्या दिवशी घेऊन जाई. मुली मेरी-गो-राउंडवर फिरत आणि बाप बाकावर शेंगा खात बसे. मुले मजा करतात आणि आईबाप कंटाळतात, हे काही बरे नव्हे. दोघांनी मिळून रमावे असे एखादे ठिकाण हवे, असे त्याला तिथे वाटले. पुढे संत्र्यांच्या बागा तोडून मोकळ्या केलेल्या जमिनीवर जेमतेम एका वर्षात त्याने हे ठिकाण उभारले आणि १७ जुलै १९५५ रोजी ते उघडले. म्हणजे या कृतीचे बीज मुलाच्या मनातले नाही. ते बाकावर बसून कंटाळलेल्या बापाच्या मनातले आहे. एवढे ध्यानात ठेवून आपण आत जाऊ.

रचना मात्र अशी बांधेसूद की थक्क व्हावे. बागेभोवती मातीचा उंच बांध घातला आहे आणि त्यावरून एक आगगाडी फिरते. त्या बांधामुळे बाहेरचे जग आतून दिसत नाही. आत शिरायला दरवाजा एकच. तिथून सर्वांना एकाच रस्त्याने जावे लागते. हा रस्ता म्हणजे विसाव्या शतकाच्या आरंभीचे एक लहानसे अमेरिकन गाव. मिझुरी संस्थानातल्या मार्सेलिन गावी डिस्नेच्या बालपणाची काही वर्षे गेली. त्या गावची आठवण या रस्त्यात आहे. रस्त्याच्या टोकाला राजवाडा, आणि राजवाड्यापुढच्या चौकातून जंगलाकडे, कथांच्या देशाकडे, उद्याच्या जगाकडे फुटणाऱ्या वाटा. दुकानांचे तळमजले जवळजवळ खऱ्या मापाचे; वरचे मजले मात्र क्रमाने आखूड. राजवाड्याचे खालचे दगड मोठे, वरचे लहान. त्यामुळे अवघ्या ७७ फुटांचा तो राजवाडा ढगांना टेकल्यासारखा भासतो. मर्ढेकरांनी लयीची जी तीन तत्त्वे सांगितली, संवाद, विरोध आणि समतोल, त्यांची उदाहरणे वर्गात द्यायला मला इतकी सोपी जागा दुसरी सापडली नसती.

या बागेवर थोरामोठ्यांनी लिहिले आहे. वसाहती उभारणारे जेम्स राउस यांनी १९६३ साली हार्वर्ड येथे बोलताना, अमेरिकेतली नगररचनेची सर्वांत श्रेष्ठ कृती ही, असे म्हटले. पुढे १९७५ मध्ये उंबेर्तो एको यांना हिच्यात अस्सलाहून सरस ठरू पाहणारी नक्कल दिसली. १९८१ मध्ये ज्याँ बोद्रियार यांनी त्याहून पुढची पायरी गाठली. ही बाग उघडउघड खोटी आहे म्हणून बाहेरची अमेरिका खरी वाटते, असा त्यांचा आरोप. हे वाद मोठे आहेत आणि मला त्यांत पडायचे नाही. माझ्यापाशी कसोटी वेगळी होती. माझ्याबरोबर दोन वाचक होते: एक पाच वर्षांचा नातू आणि एक अडीच वर्षांची नात.

आम्ही पाचजण सकाळी आत शिरलो. लेकीने रात्रीच कागदावर क्रम आखला होता. आधी उडते हत्ती, मग घोडे, मग होडी; दुपारी धाकटीची झोप बाबागाडीतच. जावई म्हणाले, "आई, इथे वेळापत्रक नसेल तर दिवस रांगेतच जातो." खरे होते ते. मीही त्या वेळापत्रकाची मोठी कैवारी झाले. आयुष्यभर तासांच्या घंटांवर जगलेली बाई मी!

राजवाड्यापाशी धाकटी थांबली. मला वाटले, राजवाडा पाहते आहे. ती पाहत होती बदक. कुणाच्या तरी हातून सांडलेल्या लाह्या एक साधे, खरेखुरे बदक टिपत होते. त्याचे ना तिकीट ना रंगभूषा. ती त्याच्यासमोर उकिडवी बसली. बदक एक पाऊल चालले की हीही एक पाऊल सरके. तीन-चार मिनिटे गेली असतील. माझा जीव रांगेत अडकलेला. "अगं, बदक काय घरीही दिसतं! चल, हत्ती बघायचाय ना?" असे म्हणून मी तिला उचलले. तिने जो टाहो फोडला, तो हत्तींची रांग अर्धी होईपर्यंत थांबला नाही.

हत्तींवर बसल्यावर पुढची गंमत झाली. डंबोच्या त्या हत्तीत एक दांडा असतो. तो हलवला की हत्ती वर जातो, खाली येतो. नातवाने सबंध फेरीत ना आजूबाजूचा देखावा पाहिला ना हत्तीचे कान. त्याची नजर दांड्यावर. "आजी, बघ, मी नेतोय वर!" एवढेच तो घोकत होता. शेजारच्या मेरी-गो-राउंडची हकिकतही ऐकण्यासारखी आहे. ते टोरोंटोहून आणलेले जुने चक्र. डिस्नेचा हट्ट असा की प्रत्येक मुलाला उडी घेणाराच घोडा मिळाला पाहिजे. उभा घोडा कुणाच्या वाट्याला यायला नको. बाकावर बसलेल्या त्या बापाने मुलींकडे नीट पाहिले होते, याची ही खूण. तरी त्या घोड्यांवर आमचा नातू एका फेरीत तृप्त झाला आणि पुन्हा दांड्याकडे चला म्हणू लागला.

आता ज्या प्रकरणासाठी मी हा लेख लिहायला घेतला त्याकडे येते. स्नो व्हाइटच्या कथेची तिथे एक अंधारी सफर आहे. छोट्या गाडीत बसून आपण खाणीतून, जंगलातून, दुष्ट राणीच्या वाड्यातून जातो. १९५५ साली ही सफर सुरू झाली तेव्हा तिच्यात स्नो व्हाइट नव्हतीच. कारण गाडीत बसलेला प्रत्येकजण स्वतःच स्नो व्हाइट, अशी रचनाकारांची कल्पना होती. चेटकीण सफरचंद पुढे करते ते आपल्यापुढे! निवेदनाच्या दृष्टीने केवढे हे धाडस! नायिकेला तृतीय पुरुषातून काढून थेट प्रथम पुरुषात आणून बसवले. पण लोकांना ते उमगेना. गाडीतून उतरून ते विचारीत, स्नो व्हाइट कुठे आहे? अखेर १९८३ साली सफर नव्याने रचली तेव्हा तिची बाहुली आत उभी केली, आणि सफरीच्या नावात भीतीची सूचना देणारा शब्दही घातला. २०२१ मध्ये पुन्हा फेरफार झाले, नाव सौम्य झाले, शेवट अधिक गोड झाला. म्हणजे वाचकाला कळले नाही म्हणून लेखकाने आपल्या कवितेला आधी तळटीप जोडली आणि मग तिचा भावार्थच छापला.

आमचा नातू आत गेला तो या सौम्य आवृत्तीत. माझा हात त्याने घट्ट धरला होता आणि अर्धा वेळ डोळे मिटले होते. बाहेर आल्यावर म्हणाला, "मी नाही घाबरलो." रात्री पुण्याला त्याच्या आत्याशी फोनवर बोलणे झाले. मी शेजारी बसून ऐकत होते. "मी जंगलात गेलो. राणी माझ्याकडेच बघत होती. तिने मला सफरचंद दिलं, पण मी नाही घेतलं." स्नो व्हाइटचे नावही त्याने काढले नाही. माझ्या मनात आले, डिस्नेच्या माणसांचे १९५५ साली काही चुकले नव्हते. "स्नो व्हाइट कुठे आहे" हा मोठ्यांचा प्रश्न. पाच वर्षांच्या वाचकाला तो पडत नाही. कुणी न सांगता तो नायकाच्या जागी जाऊन बसतो. जी सफर मुलाला पुरी कळते, ती मोठ्यांना कळावी म्हणून बदलत गेली, हे या बागेच्या इतिहासातले माझ्या मते सर्वांत बोलके पान आहे.

होडीतून जगाची फेरी घडवणाऱ्या बाहुल्यांविषयी थोडक्यात लिहिते. ती सफर १९६४च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनासाठी झाली आणि १९६६ मध्ये इथे आली. मेरी ब्लेअर यांची रंगयोजना पाहून डोळे निवतात. पण सगळ्या देशांच्या बाहुल्यांचा साचा एकच. फरक फक्त पोशाखांत आणि कातडीच्या रंगात. मानवजातीची एकता सांगायला एकच चेहरा पुरतो, हे मला पटले नाही. धाकटीला पटले असावे. ती गाणे ऐकत झोपी गेली.

सर्वांत सरस सर्ग कोणता म्हणाल, तर नदीतले टॉम सॉयरचे बेट. तराफ्यातून तिथे जायचे. १९५६ साली उघडलेल्या या बेटाच्या आखणीत डिस्नेने जातीने लक्ष घातले होते. २००७ पासून तिथे चाचेही वस्तीला आले आहेत. पण तिथे गाडी नाही, रूळ नाहीत, कथा कुठून सुरू करायची याची सक्ती नाही. पायवाटा, गुहा, झुलता पूल, बस्स. नातू एकाच गुहेत तीनदा गेला आणि तिन्ही वेळा वेगळेच काही होऊन बाहेर आला: एकदा चोर, एकदा वाघ, एकदा आगगाडी. बांध, रस्ता, राजवाडा यांनी वाचकाचे बोट इतके घट्ट धरून ठेवले आहे, की ते जिथे सुटते तिथेच कृतीला श्वास मिळतो.

मग दोष कोणता? तीन वर्षांखालच्या मुलाला तिथे तिकीट नाही आणि दहा वर्षांचे झाले की मूल मोठ्यांत मोजले जाते. हा नियम व्यवहाराचा आहे, त्याला माझी हरकत नाही. पण एकदा दाम मोजला की आईबापांच्या मनात, आणि आज्यांच्याही, आनंद वसूल करण्याची घाई शिरते. दुपारी चारच्या सुमारास बागेतले चेहरे पाहावेत. मुले रडवेली, मोठी माणसे त्याहून रडवेली आणि तोंडी एकच वाक्य, "एवढ्या लांब आणलंय तुला!" मुलांनी आनंदी असावे हे तिथे जणू कर्तव्य होऊन बसते. मात्र हा दोष कृतीचा किती आणि वाचकाचा किती, हे ठरवताना मला ते बदक आठवते. त्या बदकापासून मुलीला उचलले ते बागेने नव्हे. मी उचलले.

एकतीस वर्षे मी कॉलेजात कविता शिकवली. एकदा एक मुलगी कवितेतल्या एका क्षुल्लक शब्दापाशी अडून बसली होती. तिला तो शब्द का आवडला होता ते मी विचारलेच नाही. "मुख्य प्रतिमा पुढे आहे, तिकडे चला," असे म्हणून मी तिला पुढे नेले. अशा किती जणींना नेले असेन! मुख्य प्रतिमा म्हणजे राजवाडा. पण त्यांचे बदक कुठे होते, ते मला आता कधीच कळायचे नाही. परीक्षणाच्या शेवटी कृतीच्या कर्त्याला चार शब्द सुनवायचे, अशी आपल्याकडे रीत आहे. या खेपेला त्यांतले दोन मी माझ्याकडे ठेवून घेते.

या दिवाळीला लेक मुलांना घेऊन पुण्याला येते आहे. अंगणात किल्ला करायचा बेत आहे. विटा, गोणपाट आणि माती सांगून ठेवली आहे. अळीव पेरायचे आहेत. आपल्या मुलांच्या किल्ल्यात मापांचा नेहमीच आनंद! बुरुजाएवढा मावळा, मावळ्याहून थोर वाघ आणि तळ्यात बदकाशेजारी मोटार. डिस्नेच्या कारागिरांनी दगड लहान-मोठे करून साधलेला भास इथे मुळीच साधत नाही. पण इथे दांडा पहिल्यापासून मुलांच्याच हातात असतो. आजवर दरवर्षी मी अंगणात उभी राहून "अरे, महाराज सिंहासनावर हवेत, दरवाजात नव्हे," असे सांगत आले. यंदा खुर्ची टाकून, शेंगा घेऊन बाकावरच्या त्या बापासारखी बसणार आहे. महाराजांना त्यांनी तळ्याकाठी बसवले, तर तिथून काय दिसते तेवढे मात्र विचारीन.