वाट चुकण्याचा हक्क

माझ्या वयाच्या माणसाने व्हिडिओ गेमवर लिहावे, आणि तेही दिवाळी अंकात, याचे काही वाचकांना हसू येईल. येऊ द्या. एकतीस वर्षे मी शाळेत मराठी शिकवले. कथा-कादंबरीपलीकडे माझी धाव नव्हती. २०२० साली साथीच्या दिवसांत पुतण्या पुण्याची नोकरी लॅपटॉपमध्ये घालून बेळगावला घरी आला. बाहेर पडायचे नाही, वाचनालय बंद. माझी तगमग पाहून त्याने संगणकावर दोन खेळ घालून दिले. दोन्ही 'द एल्डर स्क्रोल्स' या एकाच मालिकेतले, बेथेस्डा या अमेरिकन संस्थेने केलेले. एक २००२ सालचा 'मॉरोविंड', दुसरा २०११ चा 'स्कायरिम'. "काका, आधी जुना बघा, मग नवा. किती प्रगती झाली ते कळेल," असे त्याचे म्हणणे. प्रगती दिसली, नाही असे नाही. पण तिच्याबरोबर एक गोष्ट हरवलेली दिसली, आणि हा लेख त्या हरवलेल्या गोष्टीबद्दल आहे.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. यांना मोकळ्या जगाचे खेळ म्हणतात. एक भलाथोरला काल्पनिक प्रदेश असतो, त्यात गावे, डोंगर, गुहा, माणसे. आपण एक पात्र व्हायचे आणि हवे तिकडे जायचे. मुख्य कथानक असते, पण त्याच्या मागे लागलेच पाहिजे अशी सक्ती नाही. 'मॉरोविंड'मध्ये आपण कैदी म्हणून जहाजातून व्हार्डेनफेल नावाच्या बेटावर उतरतो. सेडा नीन हे दलदलीतले लहानसे बंदर. तिथे कागदपत्रे होतात, बाल्मोरा गावी एका माणसाला भेटायला सांगतात, आणि दार उघडून देतात. त्या माणसाला भेटलो तर तोही म्हणतो, तू अजून कच्चा आहेस, हे थोडे पैसे घे, जग बघून ये. नायकाला पहिल्याच भेटीत घराबाहेर काढणारे कथानक मी तरी आधी वाचले नव्हते.

आता मुद्द्याचे. 'मॉरोविंड'मध्ये कुठे जायचे हे नकाशावरचा बाण दाखवत नाही. माणसे सांगतात, तेही बहुतेक लिहून, आणि ते आपल्या रोजनिशीत उतरते. गावाच्या दक्षिणेकडून बाहेर पड, नदी ओलांड, किल्ल्यापाशी पोचलास की जुना दगडी पूल शोध, असे. हे वाचताना मला खानापूर तालुक्यातली भ्रमंती आठवली. तिथे कुणाला वाट विचारली की तो वडाचे झाड सांगतो, पडकी विहीर सांगतो, "तिथनं जरा वर" म्हणतो, आणि ते 'जरा' म्हणजे अर्धा तास चढण असते. सांगणाऱ्याची दृष्टी, त्याचे अंतराचे माप, त्याला महत्त्वाची वाटणारी खूण, हे सगळे त्या सांगण्यात असते. वाट सांगणे हे एक प्रकारचे गद्य आहे. 'मॉरोविंड'चा खेळ या गद्यावर उभा आहे, म्हणूनच माझ्यासारख्या मास्तरला तो कळला.

आर्कंगथँड नावाच्या भग्न अवशेषांत एक कोड्याची पेटी शोधायची कामगिरी अगदी सुरुवातीला येते. जागा सापडायलाच माझी संध्याकाळ गेली. दार उघडायला बाहेरच्या नळाला लावलेला दांडा फिरवावा लागतो, हे ध्यानात यायला आणखी एक. आत गेल्यावर ती पेटी इतकी लहान, फळीवर इतर भंगारात इतकी बेमालूम, की मी दोनदा तिच्यासमोरून गेलो. चिडलो. पण त्या दोन दिवसांत वाटेवरची एक गुहा, एक थडगे आणि चोरट्या मालाचा एक अड्डा मला सापडला, आणि ते कुणी दाखवले नव्हते. शोध लागणे आणि दाखवले जाणे यांत फरक आहे. त्या सापडण्याला माझे स्वतःचे चुकणे तारण होते.

हे स्वातंत्र्य लाडाचे नाही. सेडा नीनपासून थोड्याच अंतरावर एक जादूगार ओरडत आकाशातून खाली पडतो आणि मरतो. त्याच्यापाशी उंच उडीच्या मंत्राच्या तीन गुंडाळ्या मिळतात. मी अर्थातच एक वाचली. डोंगर, ढग, सगळे बेट पायाखाली. आणि मग जमीन. उडण्याची सोय त्या गृहस्थाने केली होती, उतरण्याची केली नव्हती, आणि मीही केली नाही. खेळाने हात धरला नाही. याहून पुढची गोष्ट म्हणजे कथानकाला आवश्यक असलेले पात्रसुद्धा इथे मारता येते. मारले की एवढीच सूचना मिळते की भविष्यवाणीचा धागा तुटला आहे, जुनी नोंद उघडा, नाहीतर बिघडलेल्या जगात राहा. राहायचे तर राहा! 'स्कायरिम'मध्ये अशी पात्रे फक्त गुडघ्यावर बसतात आणि थोड्या वेळाने उठतात. लेखकाने आपल्या पात्रांना विम्याचे संरक्षण दिल्यासारखे ते दिसते.

मधला खेळ 'ऑब्लिव्हियन', २००६ सालचा. तो पुतण्याने नंतर दाखवला. इथे होकायंत्रावर खूण आली, आणि नकाशावर बोट ठेवून पाहिलेल्या गावी क्षणात जाण्याची सोय झाली. 'मॉरोविंड'मध्येही प्रवासाची साधने होती, पण ती त्या जगातली होती: प्रचंड किड्याच्या पाठीवरची गाडी, होड्या, जादूगारांच्या मंडळाची ठरावीक ठिकाणची सोय. कुठून कुठे जाता येते हे शिकावे लागे, जसे आपण एस.टी.चे वेळापत्रक शिकतो. 'ऑब्लिव्हियन'ने आणखी एक केले. आपण बलवान झालो की सारे जगही त्याच मापाने बलवान होते. परिणाम असा की काही काळाने रस्त्यावरचा फुटकळ वाटमारी करणारा अंगावर महागडे काचेचे चिलखत घालून शंभर मोहरा मागतो. ते चिलखत विकले तर त्याचे घर चालेल! विनोद सोडा, पण जिथे कुठेही गेले तरी धोका आपल्याच मापाचा असतो तिथे कुठेही जाण्याला अर्थ काय उरला?

न्यायाने दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. 'मॉरोविंड'ची माणसे रात्रंदिवस एकाच जागी खांबासारखी उभी. 'ऑब्लिव्हियन'ने त्यांना दिनचर्या दिली, झोप दिली. जुन्या खेळातली मारामारी तर हास्यास्पद. तलवार समोरच्याच्या पोटातून गेलेली दिसते आणि फाशांच्या हिशेबाने वार चुकलेला असतो. आकाशातून येणाऱ्या क्लिफ रेसर नावाच्या पाखरांनी मला जेवढे छळले तेवढे आठवी 'ब'च्या वर्गानेही नाही.

पुतण्याचे मात्र याहून वेगळे म्हणणे होते, आणि ते मला लागले. "काका, तुम्हाला वेळ आहे हो. मी रात्री नऊला काम संपवतो, तासभर बसतो. त्या तासात पेटी सापडली नाही तर उद्या मी तो खेळ उघडणारच नाही." याला उत्तर काय देणार? निवृत्तिवेतनावर बसून दुसऱ्याला वाट चुकण्याचे महत्त्व सांगणे सोपे आहे. बाण हा त्याच्यासारख्यांवरचा उपकार आहे, हे मी मान्य केले. मग म्हटले, अरे, पण मला नको असेल तर? तो म्हणाला, बंद करता येतो. 'स्कायरिम'मध्ये कामगिरीवरची खूण काढून टाकली की बाण जातो.

त्याने बाण काढून दिला. आणि मग खरी गोष्ट उघडकीला आली. बहुतेक ठिकाणी कुणी वाटच सांगत नाही! माणूस म्हणतो, अमुक गुहेत जा, तमुक वस्तू आण. रोजनिशीत गुहेचे नाव तेवढे. कोणत्या नदीकाठी, कोणत्या गावापासून, काही नाही. बाण असणार हे लिहिणाऱ्याने धरून ठेवले होते, म्हणून वाक्येच लिहिली गेली नाहीत. 'ऑब्लिव्हियन'पासून प्रत्येक संवाद नटांच्या आवाजात आला, तेव्हा बोलणे आखूड होणारच, हेही एक कारण असावे. पण माझ्या दृष्टीने निकाल तिथेच लागला. बाण हा सोयीचा भाग असता तर तो काढल्यावर खेळ उरला असता. इथे बाणाने भाषेची जागा घेतली होती, आणि तो काढला तर खाली मोकळी जागा.

मग भाषेशिवाय वाट दाखवताच येत नाही का? येते. निन्टेन्डोचा २०१७ सालचा 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' हा जपानी खेळ मी पुतण्याच्या हातून पाहिला. सुरुवातीच्या पठारावरचे थोडे शिक्षण संपले की थेट शेवटच्या शत्रूच्या किल्ल्यात जायला मोकळीक. बहुतेक कड्यावर चढता येते, दम पुरला तर. पाऊस आला की हात घसरतात आणि आडोसा शोधत थांबावे लागते. तिथल्या बुरुजावर चढलो की नकाशावर केवळ भूगोल उमटतो. कुठे काय आहे ते आपण डोळ्यांनी हेरायचे आणि खूण आपल्या हाताने लावायची. तिथले गद्य डोंगरांच्या आकारात लिहिलेले आहे, असे मी म्हणेन. पुतण्या पावसात एका कड्याखाली पंधरा मिनिटे थांबला. त्या रात्री त्याचा तास असाच गेला, आणि त्याने तक्रार केली नाही. मी त्याला ते बोलून दाखवले नाही.

२०२२ साली तो पुण्याला परत गेला. संगणक ठेवून गेला. रविवारी फोनवर विचारतो, "काका, कुठवर आलात?" मुख्य कथानक माझ्याकडून अजून अर्धेच झाले आहे. गेले काही आठवडे मी रोजनिशी चाळतो आहे. तीन वर्षांपूर्वी एका कोळ्याने सांगितलेली एक वाट तिच्यात आहे, आणि त्याने म्हटलेला उभा दगड मला अजून सापडलेला नाही.