शिंगासाठी कोणी लिहील का?

सनई वाजवतात, चौघडा वाजवतात. शिंग आणि तुतारी मात्र फुंकतात. क्रियापदातला हा भेद आपल्या व्यवहारातही पुरता उतरला आहे. पिरंगुटपासून पुण्यापर्यंत कुठेही नवरदेव मंडपाच्या दाराशी आला, देवाची पालखी उठली किंवा पुढारी मंचावर चढला की शिंग दोन-तीन लांब सूर देते आणि गप्प होते. केशवसुतांनी 1893 मध्ये तुतारीला मराठी कवितेत मानाचे स्थान दिले, 2024 मध्ये ती निवडणूक चिन्हावर आली. पण तिच्यासाठी किंवा शिंगासाठी खास बांधलेल्या एका तरी रचनेचे नाव विचारा, जाणता रसिकही अडखळेल. याचा दोष सहसा वाद्याला दिला जातो. माझ्या मते तो रचनाकारांचा आहे.

वाद्याविरुद्धचा आक्षेप उघड आहे: शिंगाला भोके नाहीत, पडदे नाहीत, मग सप्तक कुठून आणणार? हे खरेच आहे. ओठांचा ताण बदलून नळीतून तिचे निसर्गदत्त स्वरच तेवढे काढता येतात: षड्ज, पंचम, वरचा षड्ज, मग गंधार, पुन्हा पंचम, त्यावर जरा उतरलेला कोमल निषाद. पण हे स्वर आपल्याला परके आहेत का? तंबोऱ्याच्या खर्जातून जो स्वयंभू गंधार ऐकू येतो, तो याच स्वरमालेतला. आणि मालश्री हा आख्खा राग मुख्यतः सा, ग, प या तीन स्वरांवर उभा आहे. जाणकार गवई तो रंगवतात, तेव्हा स्वर कमी पडले अशी तक्रार कोणी करत नाही. मोजक्या स्वरांत लय, दमसास आणि शांतता यांचे काम वाढते एवढेच.

इंग्लंडमधले उदाहरण इथे उपयोगी पडते. तिथला हॉर्न हे मुळात शिकारीत इशारे देण्याचे वाद्य. एकोणिसाव्या शतकात त्याला झडपा बसल्या आणि सगळे स्वर हाताशी आले. तरीही बेंजामिन ब्रिटनने 1943 मध्ये गायक, हॉर्न आणि तंतुवाद्यांसाठी ‘सेरेनेड’ लिहिली, तेव्हा तिचा आरंभ आणि शेवट एकट्या हॉर्नला देऊन झडपांविना, केवळ निसर्गस्वरांत वाजवायला लावला. त्यातले काही स्वर सरावलेल्या कानाला बेसूर वाटतात. ते त्याला तसेच हवे होते. समोर डेनिस ब्रेनसारखा वादक होता म्हणून हे धाडस शक्य झाले. पुढे थिया मस्ग्रेव्ह (1971) आणि ऑलिव्हर नसेन (1994) यांनी हॉर्नवादक बॅरी टकवेलसाठी कंचेर्तो (एकल वाद्य आणि वाद्यवृंद यांच्यासाठीच्या रचना) लिहिले. गॅव्हिन हिगिन्सने 2024 मध्ये बेन गोल्डशायडरसाठी. दर वेळी एका विशिष्ट माणसाचा श्वास ओळखून संगीत लिहिले गेले. आपले शिंग त्या हॉर्नहून आखूड असते, त्यामुळे त्यातून स्वरही कमी निघतात, हे मान्य. तुलना वाद्यांची नाहीच, वादक आणि रचनाकाराच्या सहवासाची आहे.

शिंग मंगलवाद्य आहे, मैफलीत नेले तर त्याचे पावित्र्य आणि रांगडेपणा जाईल, हा दुसरा आक्षेप अधिक मनापासूनचा असतो. सनईचा इतिहास त्याला उत्तर देतो. बिस्मिल्ला खाँ तिला रागदारीच्या मंचावर घेऊन गेले, 2001 मध्ये भारतरत्न झाले, आणि लग्नातली सनई काही कमी मंगल झाली नाही. उलट मंगलतेच्या नावाखाली गुरव, घडशी, होलार समाजांतल्या वादकांना आपण दारातच उभे ठेवले आहे. त्यांचा दमसास आपल्याला हवा असतो. त्यांना कलावंत म्हणायला मात्र जीभ रेटत नाही. मला हे फार खुपते.

म्हणून सुचवावेसे वाटते: पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रासारख्या संस्थेने मुळशीतल्या एखाद्या शिंगवादकाला मानधन देऊन वर्षभर बोलवावे, त्याच्यासमोर एका तरुण रचनाकाराला बसवावे आणि एक शिंग, एक संबळ, दोन तंबोरे यांच्यासाठी दहा मिनिटांची रचना मागावी. कार्यक्रमपत्रिकेवर वादकाचे नाव रचनाकाराच्या बरोबरीने छापावे.