नमुन्यातले व्हायोलिन

भिवंडीत राहणाऱ्या माणसाने वाद्यवृंदाच्या नादगुणांविषयी लिहावे, हे काहींना धाडसाचे वाटेल. आमच्या गल्लीत दिवसभर यंत्रमागांचा खडखडाट चालतो. परंतु त्या खडखडाटानेच मला एक गोष्ट शिकवली. मागाशेजारी उभे राहिले, की धोट्याचा ठोका कानाला टोचतो. तोच आवाज दोन गल्ल्या ओलांडून घरी येतो, तेव्हा त्याची धार गेलेली असते. हवा आणि भिंती आवाजातले उंच स्वरांश आधी खातात.

संगणकातल्या व्हायोलिनांचे दुखणे पुष्कळसे येथेच आहे. खऱ्या वादकाचा एकेक स्वर ध्वनिमुद्रित करून साठवायचा, तोच नमुना. बहुधा मायक्रोफोन वाद्याच्या अगदी जवळ असतो. सभागृहात तर आपण व्हायोलिन हातभर अंतरावरून कधी ऐकत नाही. त्यात एका साच्याचे स्वर एकावर एक रचले, म्हणजे दोन ते चार हजार हर्ट्झच्या पट्ट्यातला तिखटपणा साचत जातो.

एका हौशी नाटकासाठी मी असे संगीत केले. वादक बोलावण्याइतके पैसे नव्हते. तीन रात्री इक्वलायझर घेऊन बसलो. तो तिखट पट्टा दोन-तीन डेसिबलनी उतरवला; सर्वांत वरचे स्वरांश हलकेच ढाळले. व्हायोलिनची खालची तार १९६ हर्ट्झची. तिच्या बऱ्याच खाली उरते ती खोलीची घरघर, ती कापली. सेलोला मात्र ती कात्री लावली नाही, कारण त्याची खालची तार सुमारे ६५ हर्ट्झवर बोलते. शक्यतो काढत गेलो, भर घातली नाही. चौथ्या दिवशी मी स्वतःवर खूष होतो.

तालमीला एक वृद्ध व्हायोलिनवादक आले होते. ऐकून म्हणाले, “लाकूड खरे वाटते हो. पण गज कोणाच्या हातात आहे?”

मला राग आला, आणि मागाहून पेटीची आठवण झाली. आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत हार्मोनियमला दार बंद ठेवले होते. तिचे स्वर ठरलेले, तिला मींड नाही, हा तिच्यावरचा आक्षेप. तरी गोविंदराव टेंब्यांनी भास्करबुवा बखल्यांच्या गाण्याला तिचीच साथ केली. चांगला पेटीवादक मींडेचा आभास भात्याच्या दाबातून आणि बोटांतून देतो. पेटीचा आवाज गोड करून नव्हे.

माझी चूक तेथे उमगली. इक्वलायझर ही स्थिर चाळणी आहे. खरा तुतारीवाला जोर करतो, तेव्हा स्वर मोठा होतो तसा उजळही होतो. हळू फुंकलेला नमुना नुसता वाढवला, तर तो जवळ येतो, जोरकस होत नाही. मग मी प्रत्येक ओळीचा चढउतार नव्याने आखला, जोरासाठी जोराचेच नमुने घेतले, गज जेथे वळेल तेथे श्वासाएवढी फट ठेवली. चाळणीचे काम निम्म्यावर आले.

तरीही गजाचा प्रश्न उरलाच. ‘सैराट’साठी (२०१६) अजय-अतुल ह्यांनी लॉस एंजेलिसला जाऊन जिवंत वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला. त्यात अनेक गज एकाच वेळी वळतात, पण तंतोतंत एकाच क्षणी वळत नाहीत. त्या किंचित विस्कळीतपणातच मेळाची ऊब आहे. ते ऐश्वर्य धामणकर नाक्याजवळच्या आमच्या मंडळीला कुठून परवडणार?

एक गज मात्र परवडत होता. माझ्या मानधनातून त्या वृद्ध वादकांना बोलावले. त्यांचे एक व्हायोलिन वर ठेवले, आणि नमुने त्याच्यामागे, अंतरावर बसवले. ह्या कामी इक्वलायझर खरा उपयोगी पडला. पत्रिकेत व्हायोलिनपुढे त्यांचे नाव छापले. उरलेल्या मेळापुढे ‘संगणक’ एवढेच.