विनामूल्य वाहिन्यांचे मूल्य

देवस्थानच्या उत्सवात रात्रीच्या नाटकाला तिकीट नसते. मंडपात सतरंजी अंथरलेली असते. ज्याला जमेल त्याने यावे, बसावे आणि डोळ्यांवर झोप येईपर्यंत पाहावे. खर्च कोणी यजमान उचलतो, कोणी नवस फेडतो, उरलेला देवस्थानच्या निधीतून भागतो. गोमंतकातील कित्येक पिढ्यांची नाट्याभिरुची आणि गाण्याची जाण या विनामूल्य मंडपातच घडली, हे कोणीही मान्य करील. तथापि पैसे मोजले नाहीत म्हणून त्या प्रेक्षकाने वाटेल ते खपवून घेतले, असे कधी झाले नाही. एखादे पद बेसूर झाले की पुढच्या रांगेतील वृद्ध श्रोता मान फिरवी, आणि रंगमंचावरील नटाला ते तत्क्षणी कळे. विनामूल्य दूरदर्शन वाहिन्यांचा विचार करताना हाच मंडप आम्ही डोळ्यांसमोर ठेवला आहे.

विचारास निमित्त घडले ते घरगुती. गेल्या चैत्रात आम्ही उपग्रह वाहिन्यांची मासिक वर्गणी बंद केली. २०१९ साली नियामक मंडळाने नवी दरपद्धती अंमलात आणली, तेव्हा पहिल्या शंभर वाहिन्यांसाठी १३० रुपये आणि त्यावर १८ टक्के कर, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे एवढा मूळ आकार ठरला होता. सशुल्क वाहिन्यांचे मोल त्याहून निराळे. हेतू असा की ग्राहकाने जे पाहावे त्याचेच पैसे द्यावेत. प्रत्यक्षात आमच्यासारखा आळशी ग्राहक कंपनीने बांधून दिलेला संच घेऊन मोकळा झाला. एके दिवशी कागद घेऊन हिशेब मांडला, तेव्हा दिसले की घरात नियमाने पाहिल्या जाणाऱ्या वाहिन्या पाच. उरलेल्या दीडशे-दोनशे केवळ आकड्याला होत्या. वर्गणी थांबवली त्या संध्याकाळी काळ्या पडद्याकडे पाहत आईने विचारले, "आतां सांजवेळार कितें पळोवचें?"

प्रश्न साधा होता, पण हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. ऐंशी वर्षांच्या, गुडघ्यांमुळे देवळापर्यंतही जाऊ न शकणाऱ्या बाईची संध्याकाळ म्हणजे दोन-अडीच तासांचा जिवंत काळ. आम्ही दीड-दोन हजार रुपयांत तबकडी आणि पेटी विकत आणून प्रसार भारतीची 'डीडी फ्री डिश' ही सेवा घेतली. 'डीडी डायरेक्ट प्लस' या नावाने डिसेंबर २००४ मध्ये ती ३३ वाहिन्यांनिशी सुरू झाली. हिला मासिक आकार नाही. उपकरणांचा खर्च एकदाच. तबकडीचे तोंड आग्नेयेला, बरेच वर आकाशाकडे करावे लागते, कारण तिचा उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. आषाढातील मुसळधार सरीत चित्र फुटते आणि क्षणभराने नाहीसे होते. अर्थात सशुल्क तबकडीवरही पावसाने हाच प्रसंग आणला होता. तेव्हा तेवढ्यापुरते दोघांत डावे-उजवे करता येत नाही.

'विनामूल्य' या शब्दाविषयी प्रथम थोडे बोलले पाहिजे. आपल्या देशात दूरदर्शन १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत सुरू झाले आणि मुंबईत ते २ ऑक्टोबर १९७२ रोजी आले. त्या काळी घरात संच ठेवायचा तर टपाल कचेरीत परवाना शुल्क भरावे लागे. ते पुढे १९८०च्या दशकात रद्द झाले. म्हणजे ज्या काळाला आपण आज निर्लोभ म्हणून आठवतो, त्या काळी प्रेक्षक उघडपणे पैसे भरत होता. आज तो ते कररूपाने भरतो आणि जाहिरातींसमोर बसून भरतो. खर्च कोणीतरी करतोच. यजमान कोण आहे आणि त्याला काय हवे आहे, यावर नाटकाचा दर्जा ठरतो.

आता प्रत्यक्ष कार्यक्रमांकडे वळू. रामानंद सागर यांची 'रामायण' ही मालिका २५ जानेवारी १९८७ रोजी सुरू झाली आणि ३१ जुलै १९८८ रोजी संपली. २०२०च्या टाळेबंदीत २८ मार्चपासून दूरदर्शनने ती पुन्हा दाखविली, तेव्हा तिच्या पहिल्या प्रक्षेपणानंतर जन्मलेली पिढीही घरोघर समोर बसली. तिचे दोष उघड आहेत. आकाशात एकमेकांना भिडणारे बाण आज मुलांनाही हसू आणतात. मुकुट पुठ्ठ्याचे वाटतात, आणि एकेका उद्गारावर चार-चार चेहऱ्यांची प्रतिक्रिया दाखविण्याचा सोस कंटाळवाणा होतो. असे असूनही ती पाहावीशी वाटते, याचे कारण तिच्या गतीत आहे. प्रेक्षकाला कथा ठाऊक आहे, हे गृहीत धरूनच दिग्दर्शकाने ती सांगितली आहे. वनवासाला निघालेल्या रामाचे पुढे काय होणार, हे कोणालाही विचारावे लागत नाही. त्यामुळे निरोपाच्या प्रसंगावर तो सावकाश थांबू शकतो. कीर्तनकार आख्यानात असाच थांबतो. रवींद्र जैन यांचे संगीतही प्रसंगाला पुढे ढकलण्याऐवजी त्याच्यापाशी बसून राहते.

याउलट अलीकडच्या बहुतेक पौराणिक मालिका पाहाव्यात. एकच कटाक्ष तीन बाजूंनी तीनदा, प्रत्येक वेळी ढोलाचा आघात. देवांची शरीरे व्यायामशाळेतील. आणि कैलासावर चाललेली भांडणे थेट सासू-सुनांच्या मालिकेतून उचललेली. येथे प्रेक्षकाला कथा ठाऊक आहे, याचीच जणू निर्मात्याला भीती वाटते. म्हणून तो ठाऊक असलेल्या कथेत रहस्य कालवतो. पुराणाला रहस्याची गरज नसते. पैसे देऊन आणि न देता, दोन्ही प्रकारे आम्ही अशा मालिका पाहिल्या. त्यांच्या दर्जात वर्गणीने काही फरक पडलेला आढळला नाही.

दूरदर्शनच्या भांडारातील दुसरी मोठी कृती श्याम बेनेगल यांची 'भारत एक खोज'. ५३ भागांची ही मालिका १९८८ साली आली. पंडित नेहरूंच्या ग्रंथावर ती आधारलेली आहे, पण तिचा आरंभ होतो तो ऋग्वेदातील नासदीय सूक्ताने, वनराज भाटिया यांच्या स्वररचनेत. सृष्टीच्या उत्पत्तीविषयी शंका घेणारे ते सूक्त घरोघरच्या पडद्यावर घुमले, ही गोष्ट आज नवलाची वाटते. या मालिकेत तेच नट निरनिराळ्या युगांत निरनिराळ्या भूमिका करताना दिसतात. ओम पुरी यांचा औरंगजेब आणि नसीरुद्दीन शाह यांचे शिवाजी महाराज पाहताना आम्हाला दशावतारी मंडळाची आठवण झाली. तेथेही मोजकेच नट अनेक रूपे घेतात आणि प्रेक्षक ते आनंदाने मान्य करतो. थोड्या साधनांत इतिहास उभा करण्याची ही रीत भपकेबाज सेनादृश्यांपेक्षा अधिक विश्वसनीय ठरते. निवेदनाचा भार काही भागांत फार होतो, हा दोष मात्र मान्य केला पाहिजे.

तिसरा ठेवा संगीताचा. २६ जानेवारी २००२ रोजी सुरू झालेली 'डीडी भारती' ही वाहिनी कला आणि संस्कृती यांना वाहिलेली आहे. जाहिरातीने न तोडलेला आलाप दूरचित्रवाणीवर ऐकावयास मिळणे, हे सशुल्क वाहिन्यांच्या गर्दीत आम्हाला वर्षानुवर्षे घडले नव्हते. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर यांची ही भूमी. येथील श्रोत्याला या गोष्टीचे मोल सांगावे लागू नये. संस्कृतप्रेमी वाचकांसाठी हेही नमूद करतो की डीडी न्यूजवर २०१५ साली 'वार्तावली' हा साप्ताहिक संस्कृत कार्यक्रम सुरू झाला.

आता आक्षेप. विनामूल्य संचात सरकारी वाहिन्यांबरोबर खाजगी वाहिन्याही असतात, आणि त्यांतील बहुतेक जागा लिलावाने विकल्या जातात. जी वाहिनी जागेसाठी मोठी रक्कम मोजते आणि प्रेक्षकाकडून काही घेऊ शकत नाही, तिला सारी वसुली जाहिरातीतूनच करावी लागते. म्हणून तेथे दुपारभर भाषांतरित आवाजातील मारामारीचे चित्रपट, त्यामागून सांधेदुखीची तेले, आणि रात्री उशिरा मंतरलेली यंत्रे व कवचे विकणारे गृहस्थ. शेवटच्या या प्रकाराविषयी देवळात जाणाऱ्यांनीच बोलले पाहिजे. देवाच्या पायांशी ठेवलेला रुपया आणि पडद्यावरील क्रमांकावर पाठविलेले दोन हजार रुपये या दोहोंना 'श्रद्धा' असे एकच नाव देणे ही फसवणूक आहे. एकाकी, आजारी, वृद्ध माणूस या वेळी जागा असतो आणि तोच त्यांचा ग्राहक असतो. आमच्या आईनेही एकदा तो क्रमांक कागदावर उतरवून ठेवला होता. तो कागद आम्हाला पंचांगात सापडला.

दुसरा आक्षेप अस्थिरतेचा. मोठ्या वाहिनीसमूहांनी आपल्या लोकप्रिय हिंदी मनोरंजन वाहिन्या २०१९च्या मार्चमध्ये या सेवेतून काढून घेतल्या, २०२० साली परत आणल्या, आणि १ एप्रिल २०२२ पासून पुन्हा काढल्या. व्यापाराच्या दृष्टीने त्यात गैर काही नाही. पण ज्या घरात दुसरे साधन नाही तेथे अर्धवट राहिलेली कथा कायमची अर्धवट राहते. क्रिकेटचे उदाहरण याच्या उलट आहे. २००७च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे प्रक्षेपण प्रसार भारतीला देणे बंधनकारक केले, आणि २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने ते केवळ दूरदर्शनच्या स्वतःच्या जाळ्यापुरते मर्यादित ठरविले. त्यामुळे भारताचा विश्वचषकातील सामना या साध्या तबकडीवर हक्काने दिसतो. समाजाने एखादी गोष्ट सर्वांची मानली, तर तिला कायद्याचे संरक्षण देता येते, हे क्रिकेटने सिद्ध केले. नाट्यसंगीत, कीर्तन, लोकनाट्य यांच्यासाठी तसा आग्रह कोणी धरल्याचे दिसत नाही.

भाषेचा प्रश्न आपल्या वाचकांना अधिक जवळचा. या सेवेचे आकाश देशभर एकच आहे. फोंड्यातील तबकडीवर दिसणारी 'सह्याद्री' इंदूरच्या, ग्वाल्हेरच्या, वडोदऱ्याच्या, हैदराबादच्या घरातही तशीच दिसते. बेळगावात ती कन्नड 'चंदना'च्या शेजारी दिसते. जेथे घरातली मराठी पुढच्या पिढीत पातळ होत चालली आहे, तेथे शुल्क न देता रोज कानी पडणारी प्रमाण मराठी ही लहान गोष्ट नव्हे. २०१९च्या मार्चमध्ये गोव्यासह ११ राज्यांच्या दूरदर्शन वाहिन्यांना या सेवेवर स्थान मिळाले. तेव्हापासून 'डीडी गोवा'वरील कोंकणी शब्द गोव्याच्या सीमेबाहेरही ऐकता येतो. मराठी आणि कोंकणी या दोन्ही भाषांत ज्यांचे घर चालते त्यांनी या सोयीचा कितपत उपयोग केला, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावे.

कारण मंडपातील प्रेक्षक आणि या प्रेक्षकात एकच मोठे अंतर आहे. मंडपात फिरविलेली मान नटाला दिसत असे. आज आम्ही दिवाणखान्यात बसून मान फिरविली, तर ती कोणाला दिसणार? वर्गणीदार निदान वर्गणी थांबवून नाराजी कळवू शकतो. विनामूल्य प्रेक्षकाच्या हाती तेवढेही शस्त्र नाही. त्याच्यापाशी उरते ती लेखणी. एका विनामूल्य वाहिनीवर गेल्या महिन्यात जुनी मैफल लागली होती. गायकाचे नाव दाखविले. रागाचे नाव, वर्ष, तबल्यावर आणि पेटीवर कोण होते, काहीच दाखविले नाही. आई शेवटपर्यंत ऐकत राहिली आणि म्हणाली, पेटीवाला फार चांगला होता, त्याचे नाव कळायला हवे होते.

आम्ही त्या वाहिनीला पत्र लिहिले. जुन्या ध्वनिचित्रफितींबरोबर साथीदारांची नावे द्यावीत, सणावाराच्या दिवसांत कीर्तनाला आणि नाट्यपदांना ठरलेली वेळ असावी, आणि ती वेळ आधी जाहीर करावी, एवढीच विनंती त्यात होती. उत्तर अद्याप आलेले नाही. श्रावण संपण्याच्या आत दुसरे पत्र टाकण्याचा विचार आहे. वाचकांपैकी दहा-वीस जणांनी आपापल्या गावाहून तशीच पत्रे टाकली, तर ती वाया जाणार नाहीत असे आम्हाला वाटते. आईची संध्याकाळ सध्या सात वाजता सुरू होते आणि साडेनऊला संपते. रात्री उशिराच्या त्या यंत्रविक्यांपर्यंत संच चालू ठेवावयाचा नाही, एवढा नियम मात्र आम्ही घरात केला आहे.