‘घर’ नावाचे उपचारकेंद्र : ग्लेन डोमन यांच्या ग्रंथाचे चिकित्सक वाचन

प्रस्तावना

मेंदूला इजा झालेले मूल घरात असले की त्या घरापुढे दोन प्रश्न उभे राहतात. ‘याला काय झाले आहे?’ हा पहिला आणि ‘आता आम्ही काय करावे?’ हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर वैद्यकशास्त्र बहुधा देऊ शकते. दुसऱ्यापाशी ते पुष्कळदा अडखळते. ग्लेन डोमन (१९१९-२०१३) या अमेरिकन भौतिकोपचारतज्ज्ञाचा ‘व्हॉट टू डू अबाउट युवर ब्रेन-इंज्युअर्ड चाइल्ड’ हा १९७४ मध्ये प्रसिद्ध झालेला ग्रंथ या दुसऱ्या प्रश्नालाच थेट हात घालतो. त्याच्या लोकप्रियतेचे रहस्य शीर्षकापासूनच दिसते. तज्ज्ञाला बाजूला ठेवून तो आईवडिलांशी बोलतो.

या ग्रंथाची चर्चा आजवर मुख्यतः ‘उपचार खरा की खोटा’ या एकाच अंगाने झाली. ती आवश्यक होतीच. परंतु त्यामुळे त्यातील एक महत्त्वाची संकल्पना, म्हणजे उपचाराचे स्थान म्हणून ‘घर’, पुरेशी तपासली गेली नाही. प्रस्तुत लेखात ग्रंथाचा सिद्धांत, त्याचा पुरावा आणि त्यातील घराची कल्पना यांचा क्रमाने विचार केला आहे.

ग्रंथाची सैद्धांतिक बैठक

डोमन यांनी १९५५ मध्ये फिलाडेल्फिया येथे आपली संस्था स्थापन केली. मेंदूशल्यविशारद टेम्पल फे यांचे विचार आणि शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ कार्ल डेलाकाटो यांचे सहकार्य यांतून ही पद्धती आकारास आली. म्हणूनच ती ‘डोमन-डेलाकाटो पद्धती’ या नावाने ओळखली जाते. मेंदूचा विकास ठरावीक पायऱ्यांनी होतो. एखादी पायरी गळाली तर पुढील विकास खुंटतो. म्हणून मुलाला मागे नेऊन ती पायरी पुन्हा चढवावी, हे तिचे मूळ सूत्र. यामागे एर्न्स्ट हेकेल यांचा १९६६ च्या शंभर वर्षे आधीचा, म्हणजे १८६६ चा, सिद्धांत आहे. व्यक्तीचा विकास जीवजातीच्या उत्क्रांतीची पुनरावृत्ती करतो, असे तो सांगतो. पोटावर सरपटणे ही उभयचरांची, रांगणे ही सरपटणाऱ्या प्राण्यांची अवस्था, अशी कल्पना त्यातून निघाली. जीवशास्त्राने हा सिद्धांत या स्वरूपात केव्हाच मागे टाकला आहे.

प्रत्यक्ष उपचारात ‘पॅटर्निंग’ला मध्यवर्ती स्थान आहे. मुलाला पालथे निजवून चार-पाच प्रौढ व्यक्ती त्याचे डोके आणि हातपाय एका लयीत हलवितात. ही क्रिया दिवसातून अनेक वेळा, रोज, महिनोन्महिने करावयाची असते. तिच्या जोडीला सरपटणे, रांगणे, संवेदनांना चालना देणे आणि श्वासातील कर्बवायूचे प्रमाण वाढविणारा मुखवटा अशा गोष्टी येतात. वारंवारता, तीव्रता आणि कालावधी या त्रयीवर सर्व यश अवलंबून असल्याचे सांगितले जाते.

ग्रंथातील सर्वांत वाचनीय भाग आरंभीचा आहे. प्रचलित उपचारांनी मुले सुधारत नाहीत, उलट उपचार न मिळालेली परंतु घरी जमिनीवर मोकळी सोडलेली मुले अधिक प्रगती करतात, हे आपल्या चमूच्या कसे लक्षात आले ते डोमन तेथे सांगतात. आपलेच अपयश मान्य करण्याचा हा प्रामाणिकपणा वाचकाला जिंकून घेतो. मात्र याच ठिकाणी ग्रंथाची मूळ विसंगतीही उघड होते. जमिनीवर मोकळे सोडलेले मूल स्वतः हालचाल करीत होते. पॅटर्निंगमध्ये त्याची हालचाल इतर माणसे करतात. निरीक्षण मुलाच्या स्वातंत्र्याचे आहे आणि त्यातून काढलेला उपचार मुलाच्या निष्क्रियतेचा आहे. रिचर्ड हेल्ड आणि ॲलन हाइन यांनी १९६३ मध्ये मांजराच्या पिलांवर केलेला प्रयोग येथे आठवतो. दोन पिलांना सारखीच दृश्ये दिसली. परंतु स्वतः चालणाऱ्या पिलाची दृष्टी व हालचाल यांची सांगड नीट बसली, नुसते वाहून नेलेल्या पिलाची बसली नाही. माणसाच्या मुलाला हा निष्कर्ष जसाच्या तसा लागू करता येणार नाही. तरीही स्वतः करणे आणि करवून घेणे यांतील भेद तो स्पष्ट करतो.

पुराव्याची कसोटी

या पद्धतीचा पहिला मोठा आधार म्हणजे १९६० मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात आलेला लेख. त्यात ७६ मुलांची प्रगती नोंदविली होती. परंतु तुलनेसाठी उपचार न घेणारा गट नव्हता. मूल वयानुसार आपोआप जेवढे वाढते तेवढे श्रेय वजा केल्याशिवाय उपचाराचे श्रेय ठरत नाही. सत्तरच्या दशकाच्या मध्यास काही लाभ दर्शविणारा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याच्या कार्यपद्धतीवर एडवर्ड झिग्लर आणि व्हिक्टोरिया झाइट्झ यांनी आक्षेप घेतले. पुढे १९७८ मध्ये सारा स्पॅरो आणि झिग्लर यांनी तीन गटांची तुलना केली. एका गटाला पॅटर्निंग, दुसऱ्याला केवळ तेवढाच स्नेह व लक्ष आणि तिसऱ्याला नेहमीचीच देखभाल मिळाली. पॅटर्निंगचे वेगळे श्रेय त्यात सिद्ध झाले नाही. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने १९६८, १९८२ आणि १९९९ मध्ये या पद्धतीविरुद्ध निवेदने काढली.

रांगणे ही अटळ पायरी आहे, हा दावाही टिकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतील ८१६ निरोगी मुलांच्या हालचालींच्या विकासाचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांतील ४.३ टक्के मुले हातागुडघ्यांवर रांगलीच नाहीत. तरीही ती चालू लागली.

‘घर’ या संकल्पनेची चिकित्सा

येथवरची टीका जुनीच आहे. तथापि डोमन यांना नुसते खोडून काढल्याने त्यांचे आकर्षण समजत नाही. अशा मुलाला एखाद्या संस्थेत ठेवून विसरून जावे, असा सल्ला अमेरिकेतही सर्रास दिला जात होता, त्या काळात त्यांनी आईवडिलांना सांगितले की तुमचे मूल घरीच राहील आणि त्याचे सर्वोत्तम शिक्षक तुम्हीच आहात. हा त्यांचा मोठेपणा नाकारणे अन्यायाचे होईल. हतबल आईला ‘काहीच करता येणार नाही’ या वाक्यापेक्षा ‘दिवसभर करता येईल’ हे वाक्य अधिक दयाळू वाटले, तर दोष तिचा नाही.

परंतु या दयाळूपणाची किंमत ग्रंथ मोजत नाही. यश श्रमाच्या प्रमाणात मिळते असे एकदा मानले की अपयशाचे कारणही श्रमातच शोधले जाते. मूल चालू लागले तर पद्धती यशस्वी. न चालले तर वारंवारता कमी पडली. अशा मांडणीत सिद्धांत कधीच चुकत नाही, चुकते ती आई. अमेरिकेतील अनेक संस्थांच्या १९६८ च्या संयुक्त निवेदनाने हाच मुद्दा नेमका टिपला होता. या उपचाराला नकार द्यायचा तर आईवडिलांना स्वतःच्या पालकत्वाविषयीच संशय ओढवून घ्यावा लागतो, असा त्याचा आशय होता. बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनेही कुटुंबाचा पैसा आणि भावंडांशी असलेले नाते या दोहोंवर पडणाऱ्या ताणाचा उल्लेख केला. ग्रंथातील घरात दुसरे मूल जवळजवळ दिसत नाही. आईची नोकरी, तिचे आजारपण, तिची झोप यांना त्या वेळापत्रकात जागा नाही. घर येथे घर राहत नाही. ते भिंती आणि पगार नसलेले रुग्णालय होते.

याच्या शेजारी डेव्हिड वेर्नर यांचा ‘डिसेबल्ड व्हिलेज चिल्ड्रेन’ (१९८७) हा ग्रंथ ठेवला की भेद ठळक होतो. स्वतः अपंगत्व अनुभवलेल्या वेर्नर यांनी तो पश्चिम मेक्सिकोतील खेड्यात अपंग ग्रामस्थांच्याच सहभागाने चाललेल्या प्रकल्पाच्या अनुभवातून लिहिला. त्यांच्या घरात चूल पेटलेली आहे, मुले खेळत आहेत. मुलाला कडेवर कसे घ्यावे, न्हाऊ कसे घालावे, बसण्यासाठी साधी खुर्ची कशी बनवावी, हे तेथे चित्रांसह सांगितले आहे. व्यायाम दिवसाच्या कामांत मिसळावा, तो कुटुंबावर ओझे होऊ नये, हा त्यांचा आग्रह आहे. डोमन घराला उपचाराच्या शिस्तीत बसवितात. वेर्नर उपचाराला घराच्या रीतीत बसवितात.

नंतरच्या संशोधनाने वेर्नर यांच्या दिशेला बळ दिले आहे. आयोना नोव्हाक आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये सेरेब्रल पाल्सी असलेल्या ३६ मुलांवर व्यवसायोपचाराच्या गृहकार्यक्रमाची यादृच्छिक चाचणी प्रसिद्ध केली. उद्दिष्टे कुटुंबाने ठरविली. पालकांनी महिन्यातून सरासरी सतरा-अठरा वेळा, दर वेळी सुमारे सोळा-सतरा मिनिटे सराव घेतला आणि आठ आठवड्यांत मुलांच्या कार्यक्षमतेत लक्षणीय फरक पडला. घर हे प्रभावी उपचारस्थान आहे, हे डोमन यांचे म्हणणे अशा रीतीने खरे ठरले. परंतु त्यांनी सांगितलेल्या कारणाने आणि मात्रेने नव्हे.

समारोप

हा प्रश्न आपल्यापासून दूर नाही. २०१२ च्या दुरुस्तीने शिक्षणहक्क कायद्यात तीव्र व बहुविकलांग बालकांना गृहाधारित शिक्षणाचा पर्याय मिळाला. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून झाला आणि त्यात नवजात बालकाची प्राथमिक तपासणी आशा कार्यकर्ती घरी येऊन करते. शासनव्यवस्थाही आता उंबरठ्याच्या आत येत आहे. अशा वेळी प्रत्येक गृहाधारित कार्यक्रमाला तीन प्रश्न विचारावे लागतील. यात मूल स्वतः काय करते? उद्दिष्ट कोणी ठरविले? आणि यश आले नाही तर दोष कोणाच्या पदरी पडतो? डोमन यांचा ग्रंथ तिसऱ्या प्रश्नापाशी नापास होतो. त्याने आईला उपचारकर्तीचा मान दिला. थकण्याचा आणि थांबण्याचा अधिकार मात्र दिला नाही. तो अधिकार मान्य करणारा कार्यक्रमच घराला घर ठेवून मुलाला पुढे नेऊ शकेल.