सोळा, पंचेचाळीस, बहात्तर

निफाडच्या द्राक्षबागांवरून मिग जायचं तेव्हा वर बघून उपयोग नसे. आवाज कानावर येईपर्यंत ते ओझरच्या पलीकडे गेलेलं असायचं. बघायचं ते उतरताना. मिग-२७ची देखणी वेळ तीच.

आधी नाक. याच्या थोरल्या भावाच्या, लढाऊ मिग-२३च्या नाकात रडार होतं. याच्या नाकातलं काढून टाकलं, म्हणून ते बदकाच्या चोचीसारखं खाली उतरलं. वैमानिकाला समोरची जमीन दिसायला हवी ना! हे विमान आकाशात भांडायला नव्हे, खाली बॉम्ब टाकायला घडवलेलं.

थ्रॉटलशेजारी एक दांडा, त्याला तीन जागा: १६ अंश, ४५, ७२. सोळावर पंख पसरले की टोकापासून टोकापर्यंत जवळजवळ १४ मीटर. ओझं घेऊन उठावं, बेतानं उतरावं ते असंच. बहात्तरवर अंगाशी आवळले की ८ मीटरही भरत नाहीत, आणि विमान आवाजाला मागे टाकतं. अमेरिकेच्या एफ-१४मध्ये पंख किती वळवायचे हे संगणक ठरवी. इथं वैमानिकाचा डावा हात. बिजागऱ्यांचं वजन मात्र पंख कसेही ठेवा, अंगावर असतंच.

माझा जीव जडला तो शेपटीखालच्या उभ्या पात्यावर. वेगात ते विमानाला सरळ धरतं. पण उतरताना तसंच राहिलं तर धावपट्टीला घासेल. म्हणून चाकं बाहेर आली की ते हळूच बाजूला दुमडतं, पंगतीत बसताना धोतराचा सोगा सावरावा तसं. एवढ्या दांडगट यंत्राला ही अदब कुणी शिकवली असेल?

दांडगट म्हणजे किती, तर पोटाखाली सहा नळ्यांची ३० मिलिमीटरची तोफ. ओझरच्या एचएएलनं अशी १६५ विमानं बांधली. हवाई दलानं नाव ठेवलं ‘बहादूर’. इंजिन मात्र एकच, त्यानं दगा दिला की दुसरा आधार नाही. कारगिलच्या वेळी, २७ मे १९९९ला, फ्लाइट लेफ्टनंट नचिकेता यांना त्यामुळेच उडी घ्यावी लागली आणि ते पाकिस्तानच्या हाती सापडले.

२७ डिसेंबर २०१९ला जोधपूरला शेवटची सात बहादूर उडाली आणि परतली. पंख सोळावर, शेपटीखालचं पातं बाजूला दुमडलेलं.