‘थिएटर स्ट्रीट’नंतरची साठ वर्षे : तमारा कार्साविना यांचे रंगमंचोत्तर कार्य

तमारा कार्साविना (१८८५-१९७८) यांचे ‘थिएटर स्ट्रीट’ हे आत्मचरित्र १९३० साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. बॅलेविषयक वाङ्मयात या ग्रंथाला मानाचे स्थान आहे. परंतु त्याचे वाचन बहुधा एकाच अंगाने होत आले. झारकालीन पीटर्सबर्ग, तेथील शाही नाट्यविद्यालय, मारिन्स्की रंगभूमीचे वैभव आणि पुढे डिआगिलेव यांच्या ‘बॅले रूस’चा सुवर्णकाळ यांचे एक सुंदर स्मरणरंजन, अशी या ग्रंथाची ख्याती आहे. निवेदन १९१८ मध्ये, लेखिका पती व तान्हा मुलगा यांच्यासह रशिया सोडते तेथे, थांबते. त्या वेळी त्यांचे वय तेहेतीस वर्षांचे होते आणि पुढे त्या आणखी साठ वर्षे जगल्या. या साठ वर्षांचे आत्मचरित्र त्यांनी लिहिले नाही. हे मौन केवळ विनयातून आलेले नाही. कार्साविना यांच्या उत्तरायुष्यातील कार्याचे स्वरूपच असे आहे, की त्याचा लेख कागदावर कमी आणि इतरांच्या देहावर अधिक उमटला.

प्रथम स्मरणरंजनाच्या आक्षेपाचा विचार करणे आवश्यक आहे. ग्रंथातील शालेय जीवनाची प्रकरणे रम्य आहेत, हे खरे. तथापि याच ग्रंथात १९०५ च्या नर्तकांच्या आंदोलनाचेही वर्णन आहे. वेतनवाढ आणि कलाविषयक निर्णयांत सहभाग या मागण्यांसाठी नर्तकांनी निवडलेल्या प्रतिनिधींमध्ये फोकिन आणि पावलोवा यांच्यासोबत कार्साविनाही होत्या. प्रशासनाच्या निष्ठापत्रावर सही केलेल्या सेर्गेई लेगाट या नर्तकाने त्याच दिवसांत आत्महत्या केली. १९१७ च्या क्रांतीनंतर मारिन्स्कीच्या कलावंतांच्या समितीचे अध्यक्षपद कार्साविना यांच्याकडे आले. संस्था कशी उभी राहते, ती कशी मोडते आणि मोडत असताना तिच्यातील काय वाचवायचे असते, याचे शिक्षण त्यांना रशियातच मिळाले होते. लंडनमधील त्यांचे पुढील कार्य या अनुभवाशिवाय नीट उलगडत नाही.

येथे एका गमतीदार विसंगतीची नोंद घ्यावी लागेल. ‘थिएटर स्ट्रीट’ला जे. एम. बॅरी यांची प्रस्तावना आहे. याच बॅरींनी १९२० मध्ये कार्साविनांसाठी ‘द ट्रूथ अबाउट द रशियन डान्सर्स’ हे छोटेखानी नाटक लिहिले होते. त्यातील रशियन नर्तिका बोलत नाही. तिला जे काही सांगायचे असते ते ती नाचून सांगते. इतर पात्रांच्या वाट्याला संवाद आणि तिच्या वाट्याला फक्त पावले. कल्पना मनोहर आहे, पण तीत इंग्रज प्रेक्षकाच्या मनातील परदेशी नर्तिकेची मूर्ती लपलेली नाही : सुंदर, गूढ आणि मुकी. दहा वर्षांनी त्याच नर्तिकेने परक्या इंग्रजी भाषेत, भाषांतरकाराची मदत न घेता, आपला ग्रंथ लिहिला. तिचे गद्य सावध, मिस्कील आणि अल्पाक्षरी आहे. बॅरींच्या नाटकाला याहून समर्पक उत्तर मिळाले नसते.

कार्साविना यांची निवृत्ती एका दिवसात झाली नाही. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात त्या अधूनमधून डिआगिलेव यांच्याकडे नाचत राहिल्या; पुढे मारी रॅम्बर्ट यांच्या नवोदित मंडळीसोबतही त्या मंचावर उभ्या राहिल्या. परंतु त्याआधीच, १९२० मध्ये, ब्रिटनमधील नृत्यशिक्षणाला शिस्त लावण्यासाठी जी संघटना स्थापन झाली, तिच्या संस्थापकांत त्या होत्या. अॅडलीन जने डॅनिश परंपरेच्या, ल्युसिया कॉर्मानी इटालियन, एदुआर एस्पिनोसा फ्रेंच, फिलिस बेडेल्स इंग्रज आणि कार्साविना रशियन, अशी ही घराण्यांची बैठक होती. तिचे निमंत्रक फिलिप रिचर्डसन हे ‘डान्सिंग टाइम्स’ मासिकाचे संपादक. हीच संघटना पुढे रॉयल अकॅडमी ऑफ डान्सिंग झाली. तिचे उपाध्यक्षपद कार्साविना यांनी १९५५ पर्यंत सांभाळले. मंचावरील कारकीर्द चालू असतानाच दुसरी कारकीर्द सुरू झाली होती. ‘निवृत्तीनंतरचा विरंगुळा’ हे तिचे वर्णन त्यामुळे टिकत नाही.

या दुसऱ्या कारकिर्दीचा गाभा १९५४ च्या एका प्रसंगात दिसतो. त्या वर्षी सॅडलर्स वेल्स बॅलेने ‘द फायरबर्ड’ पुन्हा मंचावर आणला. १९१० मध्ये पॅरिसला ही भूमिका प्रथम कार्साविना यांनी केली होती. आता ती मार्गो फाँटेन यांच्याकडे होती. रचनेचे दिग्दर्शन सेर्गेई ग्रिगोरिएव आणि ल्युबोव चेर्निचेवा यांनी केले. ग्रिगोरिएव हे डिआगिलेव यांच्या मंडळीचे आरंभापासूनचे व्यवस्थापक-दिग्दर्शक. पावले कोठे, किती आणि कोणत्या मात्रेवर, याची त्यांच्याकडे चोख मोजदाद होती. मग कार्साविना यांची गरज कशासाठी होती? फाँटेन यांनी आपल्या आत्मचरित्रात या तालमीविषयी लिहिले आहे. फोकिन यांनी कार्साविनांना सांगितलेले कार्साविना यांनी फाँटेनपर्यंत पोहोचवले : येथे लाडिक लालित्य विसरावे, हा पक्षी बलवान आहे, आवरण्यास अवघड आहे आणि पकडला गेल्यावर बंड करणारा आहे.

या सूचनेत एकही पाऊल नाही. तरीही तिच्यावाचून सर्व पावले बरोबर असूनही भूमिका चुकली असती. भूमिकेचा आराखडा आणि भूमिकेचा स्वभाव या दोन भिन्न गोष्टी होत. पहिली वहीत, टिपणात, आज चित्रफितीतही जतन करता येते. दुसरी ज्याने ती अंगावर वागवली आहे, त्याच्याकडूनच घ्यावी लागते. हिंदुस्थानी संगीताच्या तालमीशी परिचित असलेल्या वाचकास हा भेद वेगळा समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

दुसरे उदाहरण याहून नाजूक आहे. फ्रेडरिक अॅश्टन यांनी २८ जानेवारी १९६० रोजी ‘ला फीय माल गार्दे’ हा बॅले सादर केला. रचना संपूर्णपणे त्यांची स्वतःची होती. जुन्या रशियन आवृत्तीचे पुनरुज्जीवन त्यांना करावयाचे नव्हते. परंतु दुसऱ्या अंकात आईने घरात कोंडलेली लीझ एकटीच आपल्या भावी संसाराचे, लग्नाचे आणि मुलांचे स्वप्न मूकाभिनयाने रंगवते, आणि तिचा प्रियकर हे सारे चोरून पाहत असतो. हा प्रवेश कार्साविना यांनी अॅश्टन यांना शिकवला. पीटर्सबर्गमध्ये त्यांनी ही भूमिका केली होती. पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावरील एका वृद्धेने आपल्या तारुण्यातील हातवारे जसेच्या तसे उलगडावेत आणि एका नव्या, अस्सल इंग्रजी मानल्या गेलेल्या कलाकृतीत ते बेमालूम मिसळून जावेत, ही घटना विलक्षण आहे. या बॅलेची चर्चा करताना इंग्लंडच्या ग्रामीण निसर्गाचा उल्लेख आवर्जून होतो. त्यातील सर्वांत हळव्या क्षणाचे मूळ नेवा नदीकाठी आहे, याचा उल्लेख सहसा तळटीपेतच सापडतो.

आता लेखनाकडे वळता येईल. १९५६ चे ‘बॅले टेक्निक’ आणि १९६२ चे ‘क्लासिकल बॅले : द फ्लो ऑफ मूव्हमेंट’ ही दोन्ही पुस्तके शिक्षकांसाठी आहेत. ‘थिएटर स्ट्रीट’चे वाचक ती उघडत नाहीत आणि ती उघडणारे विद्यार्थी आत्मचरित्राकडे क्वचित वळतात. ही विभागणी दोन्ही बाजूंनी हानिकारक ठरली आहे. दुसऱ्या पुस्तकाच्या शीर्षकातील ‘प्रवाह’ हा शब्द महत्त्वाचा होय. वर्गात हालचालींचे सुटे तुकडे घोटून घेतले जातात. पण नृत्य तुकड्यांत नसून एका तुकड्यातून दुसऱ्यात जाण्यात असते, हा कार्साविना यांच्या अध्यापनाचा आग्रह होता. येथे त्यांच्या कार्यातील एक ताणही दृष्टीस पडतो. ज्या संस्थेच्या उभारणीत त्यांचा हात होता, ती प्रामुख्याने परीक्षा घेणारी संस्था म्हणून वाढली. परीक्षेला मोजता येईल असे तुकडे लागतात, प्रवाहाला गुण देणे कठीण असते. १९५४ मध्ये शिक्षक-प्रशिक्षणासाठी त्यांनी स्वतंत्र अभ्यासक्रम आखला, त्यात या ताणावरील उपाय शोधता येतो. विद्यार्थ्याची परीक्षा टाळता येत नसेल, तर निदान शिक्षकाची नजर तरी घडवावी, असे त्यामागील धोरण दिसते. तो उपाय पुरेसा ठरला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल.

राहता राहिला मौनाचा प्रश्न. त्यांचे बंधू, तत्त्वचिंतक लेव कार्साविन, १९२२ मध्ये सोव्हिएत राजवटीने हद्दपार केलेल्या विचारवंतांपैकी एक होते. पुढे ते लिथुएनियात अध्यापन करीत राहिले, १९४९ मध्ये पकडले गेले आणि १९५२ मध्ये अबेझ येथील छावणीत मृत्यू पावले. पती हेन्री ब्रूस १९५१ मध्ये निवर्तले. म्हणजे फाँटेन यांना फायरबर्डचे बंड समजावून सांगणारी स्त्री या दोन मृत्यूंच्या सावलीतून नुकतीच पुढे आली होती. याविषयी त्यांनी नवे पुस्तक लिहिले नाही. १९४८ मध्ये ‘थिएटर स्ट्रीट’ची सुधारित आवृत्ती निघाली, तेव्हा तीत भर पडली ती डिआगिलेव यांच्याविषयीच्या प्रकरणाची. स्वतःची १९१८ नंतरची वर्षे त्यात आणणे त्यांना तेव्हाही आवश्यक वाटले नाही. ती वर्षे आजही शोधावी लागतात ती इतरांच्या आत्मचरित्रांत, अकॅडमीच्या अभ्यासक्रमात, आणि कोंडलेली लीझ आपल्या न जन्मलेल्या मुलांची उंची हाताने दाखवू लागते त्या काही क्षणांत.